मढं धरतं

दलदलीवरच्या बर्फाचा भरवसा धरू नये
हे रेमंड हौतालाला ठाऊक नव्हतं असं नाही.
एकेचाळीस हिवाळे त्यानंच तर हा माग दाबून सपाट केला,
रात्री दहा ते पहाटे पाच,
स्नोमोबिलवाल्या पोरांना सकाळी गुळगुळीत वाट मिळावी म्हणून.

पण बीव्हरनं शरदात नवा बांध घातला होता
आणि बीव्हर कुणाला कळवत नाही.

आठ टनांचं यंत्र आधी नुसतं कललं,
म्हैस बसू की नको म्हणते, तसं.
मग डावा पट्टा गेला.
मग दाराच्या कडीपर्यंत काळं पाणी.
छताच्या झडपेतून तो निघाला, चार मैल चालला.
क्लबच्या दारात उभा राहिला तेव्हा
त्याची पँट गुडघ्यांखाली पत्र्यासारखी वाजत होती.

कसं झालं, कुणी विचारलं नाही.
वर्नानं कॉफी ओतली.
ऑगी निस्कानेन खुंटीवरच्या साखळ्या उतरवू लागला,
मोजत, हळू,
जणू आज त्या उतरवायच्याच होत्या.

पहिला दिवस नुसता खणण्यात गेला.
दुसऱ्या दिवशी मदतीला आणलेलं यंत्रही रुतलं,
ते काढण्यात तो दिवस गेला; याबद्दल इथे एवढंच.
सुपीरियरकडून वारा येत होता,
हातमोज्यांतली बोटं कुणा दुसऱ्याची वाटत होती.
रात्री आम्ही काहीच केलं नाही.
बर्फ तुडवून पाणी शिंपडलं आणि थंडीला म्हटलं,
आता तू कर.

उणे अठरा. तिनं केलं.

आसपास बांधायला जाडजूड झाड एकही नाही.
टॅमरॅकची काटकुळी खोडं, हात लावला की मुळासकट हलणारी.
म्हणून काठावर चर खणून
एक ओंडका आडवा पुरला, वर माती, बर्फ, पाणी,
आणि त्याच्या कमरेला तार.
लाकूडतोडे असल्या ओंडक्याला मढं म्हणतात.
‘धरेल का?’ मी विचारलं.
‘जिवंत झाड दगा देतं,’ ऑगी म्हणाला,
‘मढं धरतं.’

माझ्याकडे काम एकच होतं:
ताणलेल्या तारेवर कांबळं टाकायचं.
तुटलीच, तर ती माणूस शोधत येते;
कांबळ्याचं ओझं तिला खाली पाडतं.
विंच फिरली. कप्पी कण्हली.
तार आधी गुणगुणली, मग गप्प झाली.
गुणगुणते तोवर बरी असते.

ऑगीनं बोट वर केलं. सगळे थांबले.
एक कांबळं पुरेसं नव्हतं.

तीन दिवस एक शब्द न बोललेला रेमंड
पुढे आला, अंगातला कोट काढला,
क्लबचं नाव पाठीवर शिवलेला, बाह्या तेलानं काळ्या,
आणि तारेवर घातला,
झोपलेल्या मुलाला घालावा तसा.
मग सदऱ्यावरच मागे जाऊन उभा राहिला.
‘ओढा,’ म्हणाला.

चिखल सोडत नाही, सोडतो तेव्हा आवाज करतो.
त्या आवाजाला माझ्याकडे शब्द नाही.
आधी केबिन वर आली, मग उजवा पट्टा,
ओंडक्यांच्या फळीवर चढला, घसरला, पुन्हा चढला.
सगळ्या फटींतून पाणी गळत होतं
आणि गळता गळता गोठत होतं.

हत्ती गेला, शेपूट राहिलं म्हणतात, ते खरंच झालं:
मागे जोडलेला ड्रॅग, बारा फुटी, लोखंडी,
सुटून तिथेच बर्फात थिजून बसला.
एप्रिलपर्यंत बीव्हरचा.

कोट कडक झाला होता, घडी होईना.
रेमंडनं तो तसाच काखेत धरला, दार धरावं तसा.

क्लबात आल्यावर त्यानं वही मागितली.
चार दिवसांपूर्वीची ओळ रिकामीच होती;
कुणी भरली नव्हती, कुणी भरणारही नव्हतं.
पेन चालेना. त्यानं ते तोंडाच्या वाफेवर धरलं.

दाबलेले मैल: सात.
उरलेले: बावीस.
शेरा: बांध नवा आहे. चांगला बांधलाय.